खोलग्यातला न्याय

गुहेच्या तोंडापासून निघालेली तिकिटांची रांग पार रस्त्यावर आली होती. पूर्वी लोक यायचे ते थेंबाथेंबाने घडलेले चुनखडीचे खांब बघायला, आदिमानवाच्या शेकोट्यांनी काळं पडलेलं छत बघायला, युद्धाच्या काळात आत लपलेल्या कुटुंबांनी भिंतीवर कोरलेली मुलांची नावं वाचायला. आता त्याकडे कोणी मान वर करूनही बघत नव्हतं. जो तो तळाच्या दालनाकडे धावत होता. तिथे मेणबत्तीबाबा न्याय देत.

दालनाच्या मधोमध परातीसारखा पसरट, मांडीइतका खोल खोलगा होता. आरोपीने त्यात गुडघे टेकून, मेणबत्ती मांडीशी धरून बसायचं. ज्योत विझली की गुन्हा सिद्ध. साक्षीदाराने तिथेच उभं राहून, मेणबत्ती छातीशी धरून बोलायचं. ज्योत तेवली की साक्ष खरी. विजेचे दिवे बाबांनी बंद करायला लावले होते, म्हणून बघ्यांच्या हातीही मेणबत्त्या असत.

"वकील नको, तारीख नको, बाळांनो," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणत. "या गुहेने अस्वलं पाहिली, राजे पाहिले. तुमच्या पोटातलं तिच्यापासून काय लपणार?"

गर्दी माना डोलवी. गुडघे कोणी टेकायचे आणि उभं कोणी राहायचं, हे मात्र बाबाच ठरवतात, याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

गर्दीच्या मागे जनावरांची डॉक्टरीण उभी होती. एका हातात दोरी बांधलेली रिकामी बादली, दुसऱ्या हातात धाकट्या बहिणीचं मनगट.

गेल्या महिन्यात गुहेच्या संग्रहालयातून अस्वलाच्या दातांचा प्राचीन हार नाहीसा झाला. धाकटी तिकीटखिडकीवर बसे आणि संग्रहालयाची किल्लीही तिच्याकडेच असे. "पोलीस कशाला? बाबा आहेत की," व्यवस्थापक म्हणाला. धाकटीने गुडघे टेकले, मेणबत्ती विझली. नोकरी गेली. त्याच संध्याकाळी नवरा चार वर्षांच्या लेकीला उचलून आपल्या आईकडे निघून गेला. "चोराच्या हाती मूल ठेवत नसतात," एवढंच बोलला.

डॉक्टरीण आधी नुसतीच पेटून उठली. मग धाकटी रडतारडता म्हणाली, "ताई, तिथे बसले आणि डोकं ठणकायला लागलं गं. दम लागला. मला वाटलं, खरंच माझ्याच हातून काही झालंय की काय."

दोन दिवसांनी गुहेबाहेरचा फुगेवाला आपला मेलेला कुत्रा दवाखान्यात घेऊन आला. कुत्रा खोलग्यात उतरला आणि तिथेच आडवा झाला होता. अंगावर जखम नाही, पोटात विष नाही. बाबांनी निकाल दिला होता, कुत्राही पापी.

"त्याने कोणाचा हार चोरला होता?" डॉक्टरीण मोठ्याने म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. संग्रहालयातले सांगाडे तिला आठवले. त्याच खोलग्यात सापडलेले कोल्हे, ससे. एकाचंही हाड मोडलेलं नव्हतं. जणू झोपायला आले आणि उठलेच नाहीत. या सगळ्यांचं पाप सारखं असणं शक्य नव्हतं. उंची मात्र सगळ्यांची खोलग्याच्या काठाखालचीच होती.

तिला हवं ते कळलं. त्याच दिवशी चारचौघांना सांगून मोकळं होता आलं असतं. पण तिला नुसतं सांगायचं नव्हतं.

"मला एक नाव घ्यायचंय," ती आता गर्दीतून पुढे आली. "हार बाबांनी घेतलाय."

दालनात हशा पिकला. "बाई, गुरांना टोचता ते इंजेक्शन एकदा स्वतःला टोचून घ्या," कोणीतरी म्हणालं.

"घेते. आधी मेणबत्तीला विचारू."

बाबा हसले, ऐटीत खोलग्यात उतरले आणि मेणबत्ती छातीशी धरून उभे राहिले. ज्योत तेवत राहिली. "झालं समाधान?"

"नाही. गुडघे टेका."

"ते आरोपीने करायचं असतं, बाई."

"आत्ता तुम्हीच आरोपी आहात."

"न्याय देणारा वाकला तर गुहा कोपेल." बाबांचा घोगरा आवाज थोडा चढला.

पहिल्या रांगेत एक आजीबाई होत्या. बाबांचा एकही दरबार त्यांनी चुकवला नव्हता. त्या भाबडेपणाने म्हणाल्या, "टेका की बाबा. तुम्हाला कसली आलीय भीती? हिचं तोंड तरी बंद होईल एकदाचं."

आता पळायला वाट उरली नाही. बाबांनी गुडघे टेकले, पण मेणबत्ती डोक्यावर धरली.

"खाली," डॉक्टरीण म्हणाली. "माझ्या बहिणीला तुम्ही काय म्हणाला होतात? पापी हात खाली."

हात खाली आला. ज्योत लहान झाली, निळसर झाली आणि विझली.

"बसा, बसा. माझी बहीण बसली होती तेवढं तरी बसा. डोकं ठणकतंय? दम लागतोय? तिला तुम्ही सांगितलं होतं, पाप घुसमटतंय म्हणून."

बाबांच्या कपाळावर घाम आला, श्वास धापेसारखा झाला. तो माणूस आणखी थोडा वेळ तिथेच राहावा असं डॉक्टरणीला मनापासून वाटत होतं, हे कशाला लपवायचं? पण तिने त्याची बखोटी धरून त्याला वर ओढलं.

"चला बाहेर. मेलात तर सुटाल. मला तुम्ही जिवंत हवे आहात."

मग तिने दोरीने बादली खोलग्याच्या तळाशी सोडली, अलगद वर घेतली आणि सगळ्यांना दाखवली. आत काहीच दिसत नव्हतं. ती तशीच गर्दीत शिरली, बघ्यांत उभ्या असलेल्या धाकटीच्या नवऱ्यापुढे थांबली आणि पाणी ओतावं तशी ती रिकामी बादली त्याच्या मेणबत्तीवर ओतली. ज्योत विझली.

"तुमचीही विझली," ती म्हणाली. "मग आता मूल कोणाच्या हाती ठेवायचं?"

तो विझलेली मेणबत्ती पाठीमागे लपवू लागला.

"आपण उच्छ्वासातून जो वायू बाहेर टाकतो, तोच इथे खडकाच्या भेगांतून येतो," तिने सगळ्यांना सांगितलं. "हवेपेक्षा जड, म्हणून परातीत पाणी साचावं तसा खोलग्यात साचतो. त्यात ज्योत जगत नाही, जीवही जगत नाही. उभ्या माणसाची मेणबत्ती त्याच्या वर राहते, बसलेल्याची त्यात बुडते. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मेणबत्ती डोक्यावर गेली."

आजीबाई बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेलाही तुम्ही गुडघे टेकायला लावले होते," त्या म्हणाल्या. बाबा बाहेरच्या वाटेकडे सरकले, तर तिथे फुगेवाला उभा होता. पोलीस येईपर्यंत तो जागचा हलला नाही.

पोलिसांनी बाबाला नेलं आणि जे महिनाभर कोणीही केलं नव्हतं ते केलं. संग्रहालयातलं काचेचं कपाट भिंतीपासून सरकवलं. त्याची मागची फळी निखळली होती. हार खाली धुळीत पडला होता. चोरी झालीच नव्हती. न झालेल्या चोरीचा चोर मेणबत्तीने शोधून दिला होता आणि अख्ख्या गावाने तो मानला होता.

दुसऱ्या दिवशी नवरा मुलीला घेऊन दारात आला. "चुकलो मी," तो म्हणाला.

धाकटीने आधी मुलीला कडेवर घेतलं. "तिथे, त्या खोलग्यात गुडघे टेकून म्हणा."

त्याने मान खाली घातली. "तिथे जीव जातो."

"हो ना?" असं म्हणून तिने दार लावून घेतलं.

खोलग्याभोवती आता कठडा आहे आणि आत वायू असल्याची पाटी आहे. लोक पुन्हा छताकडे बघू लागले आहेत. आपल्या घरातही कधी काही हरवेल, आणि कोणीतरी मेणबत्ती, नारळ, नाहीतर तांदळाचे दाणे घेऊन चोर शोधायला येईल. त्याला दारातच थांबवा आणि आधी कपाट सरकवून बघा.