वापरलेलं द्रावक

“बाई, हायड्रोजन देऊन मोकळं झालेलं द्रावक तसंच कोळशावर घालायचं न्हाई. आधी त्यात हायड्रोजन भरून घ्यायचा,” असं राधाकिशन सर सांगायचे. ते निवृत्त झाले, प्रयोगशाळा माझ्याकडे आली.

परळीच्या आमच्या कॉलेजात आम्ही कोळशाचं तेल करून बघतो. कोळशाची पूड द्रावकात कालवून बंद भांड्यात तापवायची. कोळसा तुटतो, तुकडे द्रावकातला हायड्रोजन घेतात आणि पातळ होतात. तो मिळाला नाही तर तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात, भांड्यात नुसता खडा उरतो.

सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन पाळते. मुलींना ते ठाऊक आहे. त्या दिवशी कामं खुणांवर चालतात.

त्या सोमवारी माझी विद्यार्थिनी वर्षाराणी वापरलेल्या द्रावकाची बाटली घेऊन भांड्याकडे निघाली. तिच्या नमुन्यातला शेवटचा कोळसा भांड्यात होता. माझ्याकडे तिची पाठ होती. मी टेबल वाजवलं, पण पंपाच्या आवाजात तिला ऐकू जाईना.

मग होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडले, “वर्षा, थांब.”

ती दचकली. “मॅडम, आज सोमवार हाय.”

बाटली तिनं चुकून घेतली नव्हती. ताजं द्रावक संपलेलं, वापरलेल्यात हायड्रोजन भरून घ्यायला चार-पाच दिवस जाणार, आणि घरची गाडी परवा ऊसतोडीला निघणार होती. कोयता जोडीचा असतो, उचल आणि मजुरी दोघांच्या मिळून कामावर ठरते. आईची, विमलबाईंची, कंबर धरलेली. म्हणून वडील पंडितराव म्हणाले होते, यंदा आईच्या जागी तू चल. जायच्या आत काहीतरी आकडा हाती लागावा, एवढीच तिची धडपड. एकदा उसात गेली की कॉलेज सुटलं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

“यातनं खडाच निघाला असता,” मी म्हणाले. “हे द्रावक आजच भरायला लाव. घरी मी बोलते.”

“तुमी? आबा लई तोंडाळ हायेत. तुमचं बोलणं तर पहिल्या बाकावर ऐकू येत न्हाई.”

“जवळ बसून बोलेन.”

ती हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली.

पंडितरावांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलं नव्हतं. विमलबाईंच्या जागी कोण, हे तर विचारतीलच. मोडलेल्या मौनाबद्दल मनातच महादेवाची क्षमा मागितली, पदर खोचला आणि तिच्या गावाची, सिरसाळ्याची एसटी पकडायला स्टँडकडे निघाले.