टेकाडाकडची खिडकी

"खिडकी उघड गं सूनबाई, तेल तापलंय. वास जाऊ दे त्यांच्याकडे."

शुक्रवार होता. पहाटेचा नमाज आटोपून मी कणीक तिंबली होती. गेलेल्यांच्या नावानं दर शुक्रवारी आम्ही सात पोळ्या तळतो. तळणीच्या वासानं त्यांचं पोट भरतं. पोळ्या मग शेजारी वाटायच्या, शेजाऱ्यांनी दुवा मागायची.

सासूबाईंनी, रायखानबाईंनी, जन्मभर स्टेशनच्या उपाहारगृहात भांडी घासली. त्यांचे मामा आणि मावशी, दोघं लहानपणीच गेलेली, खिडकीसमोरच्या टेकाडात पुरलेली होती. सरकारनं धान्य आणि मेंढरं ओढून नेली, त्या हिवाळ्यात रुळांकडेला भुकेनं मेलेली माणसं तिथंच लोटली. त्यांचं स्मारक मात्र हमरस्त्यावर झालं. तिथं गाड्या लावायला जागा आहे.

"आज कुठं रे काम?" सासूबाईंनी सेइलबेकना विचारलं. माझे यजमान खोदाईचं यंत्र चालवतात.

"टेकाडावर." त्यांनी चहावरून मान वर केली नाही. "धान्याचं कोठार व्हायचंय."

"माझी मावशी आहे तिथं."

"आई, मी नाही खणलं तर दुसरा खणेल. मी निदान हळू खणीन."

"खण बाबा. धान्य न्यायला आलेला तोही आपल्याच गावचा होता. तोही माझ्या आजीला हेच म्हणाला, मी नाही नेलं तर दुसरा नेईल. निदान मी शिव्या तरी देत नाही."

चहा तसाच टाकून ते गेले.

पोळ्या घेऊन मी तुर्सिनायकाकूंकडे गेले. आमच्याकडे अन्न कुणी परतवत नाही. काकूंनी ताट माझ्याच हातात परत दिलं. "माझा जावईही तिथंच कामाला लागलाय, पोरी. कुठल्या तोंडानं दुवा मागू?"

संध्याकाळी यजमान दारातच बसून राहिले.

"लहान होती का रे हाडं?" सासूबाईंनी विचारलं.

"साहेब म्हणाले, मेंढरांची आहेत."

"आणि तू काय म्हणालास?"

ते बूट काढत राहिले.

पुढच्या शुक्रवारी टेकाड सपाट झालं होतं. तेल तापलं, तशी मी सवयीनं खिडकीकडे गेले.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

"पण आई, वास..."

"बोलावून त्यांना बसवायचं कुठं?"

मी कडी लावली. त्यांनी सातही पोळ्या तळल्या. धूर घरातच कोंडला. सेइलबेकनी एक पोळी उचलली, हातात धरली, आणि ती गार होईपर्यंत तशीच धरून ठेवली. आम्हा तिघांचेही डोळे गळत होते. धुराचं निमित्त होतंच.