होळीत न गेलेली शिडी

मित्रांनो, हल्लीच्या शिड्या तुम्ही पाहिल्याच असतील. हलक्या, चकचकीत, घडी घातली की दाराआड मावणाऱ्या. मी त्यांच्यातली नाही. मी लाकडाची आहे, जुनी आहे, अकरा पायऱ्यांची आहे, आणि मला उचलायचं म्हटलं तर दणकट खांदा लागतो. माझ्या अंगावर रंगांचे इतके थेंब वाळले आहेत की मूळचं लाकूड कसं दिसत होतं, ते आता मलाही आठवत नाही.

मला एका सुताराने घडवलं, मित्राच्या लग्नात भेट द्यायला. मित्र होता रंगारी. लोकांनी भांडी दिली, चादरी दिल्या, आणि हा गडी मला खांद्यावर घेऊन लग्नघरी आला. नवी नवरी म्हणाली, "अगं बाई, संसाराला शिडी कशाला?"

"वहिनी, भांडी संसार मांडायला," सुतार म्हणाला, "ही चालवायला."

आणि खरंच, तीस वर्षं मी तो संसार चालवला. रंगाऱ्याबरोबर मी शाळांमध्ये गेले, दवाखान्यांत गेले, नव्या घरांच्या ओल्या वासात उभी राहिले. माझ्या वरच्या पायरीला आकडा होता, त्याला तो रंगाचा डबा अडकवायचा आणि ब्रश फिरवता फिरवता स्वतःशीच गुणगुणायचा. घरमालकांनी भिंतींचं कौतुक केलं की म्हणायचा, "अर्धं काम हिचं." तेव्हा मला लाकडाची असूनही मऊ वाटायचं.

वय झालं तसं माझ्या पाचव्या पायरीला फट पडली. रंगाऱ्याला ती दिसली. त्याने तिच्याभोवती तार गुंडाळली आणि म्हणाला, "एवढं काम होऊ दे, मग बघू." काम एका जिन्याच्या उंच भिंतीचं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पायरी कडकन मोडली. मी त्याला धरू शकले नाही. मला हातच नव्हते.

मांडीचं हाड मोडलं. तीन महिने तो अंथरुणावर होता, मग काठी घेऊन खिडकीपाशी बसू लागला. गुणगुणणं बंद झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण तो उंबरठा ओलांडत नव्हता. त्याच्या बायकोने मला घराच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलं. तिकडे धुणं वाळत घालायला आली तरी ती माझ्याकडे बघत नसे. पावसाळा तिथेच गेला, थंडीही गेली. माझ्यावर एका कोळ्याने जाळं विणलं, तेवढीच सोबत.

मग होळी जवळ आली. दरवर्षी गल्लीतली मंडळी होळीसाठी कोपऱ्यावरच्या झाडाच्या फांद्या तोडायची. यंदा त्या झाडाला तोडण्याजोगी फांदीच उरली नव्हती. म्हणून पोरं घरोघर जुनं लाकूड मागत फिरू लागली. त्यांची पुढारी होती रंगाऱ्याची नात. एका जागी घडीभर थांबायची नाही, म्हणून सगळे तिला खारू म्हणत.

"आजी, आपल्याकडे आहे का काही जाळायला?"

"ती शिडी न्या," आजी म्हणाली. "डोळ्यांसमोरून जाऊ दे एकदाची."

पाच पोरांनी मला उचललं. कोळ्याचं जाळं तुटलं. खरं सांगते मित्रांनो, मला भीती वाटली. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की आपल्याला हेच शोभतं. ज्याला तीस वर्षं पेललं त्यालाच पाडलं, मग राहायचं कुठल्या तोंडाने?

पोरं मला घेऊन खिडकीवरून चालली. आतून काठीचा आवाज आला. टक, टक, आणि थोडं थांबून पुन्हा टक. रंगारी दारात उभा होता. त्याने उंबरठा ओलांडला, दोन पायऱ्या उतरला, आणि धापा टाकत म्हणाला, "खाली ठेवा तिला."

"अहो, हिनेच पाडलं ना तुम्हाला?" बायको म्हणाली.

"हिने नाही पाडलं. फट मला दिसली होती. मी तार गुंडाळली आणि वर चढलो. तिचा काय दोष?"

तेवढ्यात गडबड ऐकून सुतार आला. होळी रचायचं काम त्याच्याकडेच असायचं. त्याने माझ्यावर बोटांनी ठोकून पाहिलं. "लाकूड अजून खणखणीत आहे. पण मग पोरांनी होळीत टाकायचं काय? तुझी काठी?"

रंगारी हसला. किती महिन्यांनी.

"तुझ्याकडे रंध्याच्या ढलप्या पोत्याने पडल्यात," तो म्हणाला. "गल्लीत पाचोळा आहे. तेवढं पुरे. होळीभोवती फिरायचं असतं बाबा, तिच्यावर गावजेवण नाही रांधायचं."

मी वाचले. पण खारूचा चेहरा उतरलेलाच होता. गेल्या वर्षी बाजारच्या रंगाने तिच्या गालांवर पुरळ उठलं होतं, पंधरा दिवस आग आग होत होती. म्हणून यंदा आईने रंग खेळायची साफ मनाई केली होती.

"रंग नाही?" रंगाऱ्याने विचारलं. "रंगाऱ्याच्या घरात?"

दुसऱ्या दिवसापासून घर ढवळून निघालं. बीट किसून त्याचा रस तांदळाच्या पिठात कालवला. हळद बेसनात मिसळली. पालकाची पानं वाटली. हे सगळं वाळवायला लांबरुंद जागा हवी होती, म्हणून दोन स्टुलांवर मला आडवी ठेवली आणि वर चादर अंथरली. आयुष्यभर उभी राहिलेली मी पहिल्यांदाच आडवी झाले.

पहिला घाणा बिघडला. बीट कडक उन्हात ठेवलं, तर लाल रंग मातकट झाला. खारू रडकुंडीला आली.

"रुसला तो," रंगारी म्हणाला. "लालाला ऊन सोसत नाही. सावलीत घेऊ, आणि घाई करायची नाही."

मला ओढून सावलीत नेलं. पण माझ्यावरची चादर जाड होती, खालून वारा लागेना. तेव्हा रंगाऱ्याची बायको आतून आपलं मऊसूत जुनं सुती लुगडं घेऊन आली. दुहेरी घडी घालून तिने ते माझ्यावर पसरलं. पसरताना तिचा हात मोडक्या पायरीपाशी थांबला.

"तार कुठे ठेवलीय म्हणून तुम्ही मलाच विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "मीच शोधून दिली. आज जाऊ नका, एवढं म्हणाले नाही."

म्हणजे इतके महिने ती माझ्यावर रागावली नव्हती तर. रंगाऱ्याने काठी बाजूला ठेवली आणि ओलं पीठ लुगड्यावर पसरायला तिच्या शेजारी बसला. दोघांचे हात गुलाबी झाले.

होळी कमरेएवढीच झाली. पलीकडच्या गल्लीतली छपराला टेकली होती, त्यामुळे काहींनी नाकं मुरडली. पण आमच्या होळीजवळ म्हातारी माणसंही न खोकता उभी राहिली.

रंगाच्या दिवशी सकाळी खारूच्या आईने लाल रंग आधी स्वतःच्या मनगटावर चोळला, बराच वेळ वाट पाहिली, आणि मग म्हणाली, "जा." खारू गेली ती दुपारीच परतली, ओळखू न येण्याजोगी. हिरव्याला पालकाचा वास येतो अशी तक्रार मात्र सगळ्यांनी केली. सुताराला कोरडा रंग इतका फासला की तो म्हणाला, "आता मला तळा, भजी होतील." अंग धुवायला एकेक बादली पुरली.

आता मी उभी राहत नाही. रंगारीही शिडीवर चढत नाही. पण होळीच्या आधी आठ दिवस तो पलीकडच्या गल्लीपर्यंत स्वतः चालत जातो, आणि पोरांना पीठ कसं कालवायचं ते दाखवतो. परत येताना गुणगुणतो.

मित्रांनो, सण जरूर साजरे करा, पोटभर करा. पण रंग दुसऱ्याच्या गालाला लावायचा असेल तर तो आधी आपल्या मनगटावर लावून बघा. आणि आगीत काही टाकण्यापूर्वी त्याला एकदा हात लावून बघा. मला जाळायला एक संध्याकाळ पुरली असती. पण माझ्यासाठी जे झाड पडलं, ते वाढत किती वर्षं उन्हापावसात उभं होतं, हे मला घडवणाऱ्या सुतारालाही सांगता येणार नाही.