काकूंचे जोडलेले हात

स्टुटगार्टच्या फॉयरबाख भागातल्या त्या चर्चमध्ये सुकन्या पाटोळेला कुणी मिशनरी म्हणत नव्हतं. अहमदनगरला मात्र तिला निरोप दिला तेव्हा व्यासपीठामागे बॅनर लागला होता. फुलांच्या चौकटीत तिचा पासपोर्टचा फोटो आणि खाली ‘सुवार्तेसाठी जर्मनीला’. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. चर्चच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या पप्पांनी त्या दिवसासाठी नवा कोट शिवला होता. पूर्वी गोरे लोक बोटीने आपल्याकडे शुभवर्तमान घेऊन आले, आता आमची पोर ते त्यांच्याकडे परत घेऊन चाललीय, असं ते भेटेल त्याला सांगत होते.

स्टुटगार्टला आल्यावर कळलं की इथे ती वर्षभराची स्वयंसेविका आहे. सकाळी चर्चच्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, मुलांच्या जॅकेटच्या चेन लावायच्या, नाकं पुसायची, सफरचंदं चिरायची. बुधवारी दुपारी म्हाताऱ्या माणसांसाठी कॉफी आणि केक मांडायचा, नंतर खुर्च्या आवरायच्या. रविवारी उपासनेला वीसेक डोकी, त्यातली निम्मी काठी टेकत येणारी. पाळकबाई फ्राऊ केसलर मायाळू होत्या. “तू इथे आहेस, तेच आम्हाला पुष्कळ आहे,” असं त्या म्हणायच्या. सुकन्याला ते पुरत नव्हतं. रोज सकाळी खाली जाण्याआधी ती खिडकीशी बसून पवित्र शास्त्र वाचायची आणि विचारायची, प्रभू, मला इथे कशाला आणलंस ते तरी दाखव.

आणि दर रविवारी पप्पांचा फोन.

“कुणाला प्रभूविषयी सांगितलंस का, बेटा?”

“सांगतेय ना पप्पा,” म्हणून ती विषय बदलायची.

एप्रिलमध्ये सुधाकाकू आल्या. संगमनेरच्या. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, म्हणून मुलाने, हृषिकेशने, तीन महिन्यांच्या व्हिसावर आईला इकडे आणलं होतं. तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, सून मुक्ताही नोकरीला. त्यामुळे नातवाला, वेदला, किटामध्ये सोडणं-आणणं काकूंकडे आलं. पहिल्याच दिवशी वेद झोपाळ्यावरून उतरायला तयार नव्हता. काकू मराठीत विनवत होत्या आणि तो “नाईन! नाईन, आजी!” असं जर्मनमध्ये नाही नाही म्हणत पाय झाडत होता. सुकन्या पुढे झाली आणि म्हणाली, “वेद, आजींचे पाय दुखतात रे, उतर बघू.”

काकूंनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. “अगं बाई! मराठी?”

त्यानंतर काकू वेदला सोडून लगेच घरी जाईनाशा झाल्या. किटाच्या स्वयंपाकघरात बसून सुकन्याला सफरचंदं चिरू लागायच्या. तिच्यासाठी डब्यातून थालीपीठ आणायच्या. आपल्या यजमानांविषयी त्या मुलाजवळ बोलत नसत, तो कावराबावरा होतो म्हणून. सुकन्याजवळ बोलायच्या. हे चहा बशीतून प्यायचे, हे झोपेत दुकानाचा हिशेब करायचे. सुकन्या ऐकायची. प्रभूविषयी बोलायचं तिच्या मनात यायचं, पण त्या बाई इतक्या विश्वासाने बोलत असायच्या की तिथे मध्येच काही घालणं तिला जमायचं नाही.

मे महिन्यात नगरला सुकन्याच्या आईचं ऑपरेशन ठरलं. पोटात गाठ होती, कसली ते उघडल्यावरच कळणार होतं. त्या दिवशी सकाळी सुकन्या किटाच्या दाराशी फोन हातात घेऊन उभी होती. काकू वेदला घेऊन आल्या आणि तिचा चेहरा बघूनच थांबल्या.

“आत नेलंय का त्यांना?”

“हो. आत्ताच पप्पांचा फोन आला.”

“मग तू इथे काय करतेस? चल, तुझ्या देवापाशी बस. मी येते सोबत.”

चर्चच्या दारात काकूंनी चपला काढल्या. “काकू, इथे नाही काढत,” सुकन्या म्हणाली. “असू दे गं,” म्हणत त्या नुसत्या मोज्यांवर त्या गार फरशीवरून आत आल्या आणि पहिल्या बाकावर तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटू लागल्या. किती तरी वेळ दोघी तशाच बसल्या होत्या. सुकन्याला शब्द सुचत नव्हते, ती फक्त आई, आई, एवढंच म्हणत होती. शेजारची पुटपुट तिला आधारासारखी वाटत होती.

फोन वाजला तेव्हा ती धावत बाहेर गेली. गाठ काढली होती. साधी होती. आत परतली तर काकू अजून तशाच, डोळे मिटून, वरच्या रंगीत काचेतला उजेड पदरावर पडलेला. सुकन्याचं मन भरून आलं. तिने फोटो काढला. त्या घटकेला त्यात माया सोडून दुसरं काही नव्हतं.

“काय म्हणत होता काकू?” तिने नंतर विचारलं.

“मी आपलं माझ्या देवीला सांगितलं. म्हटलं, त्या पोरीची आई आहे, सांभाळ. ऐकू गेलं असेल ना इथून?” काकू हसल्या. सुकन्याही हसली, आणि तिने त्यांना मिठी मारली.

जूनमध्ये नगरच्या चर्चचा मिशन रविवार होता. पप्पांनी फोन केला. “पाळकसाहेब तुझी साक्ष वाचणार आहेत. चार ओळी पाठव आणि एखादा फोटो. लोक विचारतात गं, सुकन्याचं काय चाललंय. तुझ्यासाठी किती जणांनी उपास धरलेत.”

तिने फोनमधले फोटो चाळले. सफरचंदं, खुर्च्या, किटातल्या मुलांच्या पाठी. चेहरे नाहीत, कारण मुलांचे चेहरे टिपायला आईबापांची सही लागायची. मग काकूंचा फोटो आला. तिने लिहिलं, एका हिंदू घरातली, नवऱ्याच्या दुःखाने खचलेली एक बहीण आता माझ्यासोबत चर्चमध्ये येते आणि प्रभूपुढे हात जोडते, तिच्यासाठी प्रार्थना करा. पाठवण्याआधी तिने ते दोनदा वाचलं. बाई हिंदू घरातली होती, दुःखात होती, चर्चमध्ये आली होती, हात जोडले होते. मी खोटं कुठे लिहिलंय, असं तिने स्वतःला विचारलं. विचारावं लागलं, तिथेच तिला कळायला हवं होतं. तिने बटण दाबलं.

रविवारी पप्पांचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. “अख्ख्या मंडळीने आमेन म्हटलं! फोटो पडद्यावर दाखवला!” सुकन्याला त्या रात्री छान झोप लागली. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या झोपेची.

पुढल्या गुरुवारी वेदला न्यायला काकू आल्या नाहीत, हृषिकेश आला. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. त्याने वेदला बूट घालायला पाठवलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

“हा फोटो तू काढलास?”

तोच फोटो होता. खाली तिच्याच ओळी, कुणीतरी पुढे पाठवलेल्या.

“माझी शोभनाआत्या नगरला सावेडीत राहते. तिच्या शेजाऱ्यांकडून आला. आत्याने आईला फोन करून विचारलं, वहिनी, दादाला जाऊन वर्ष नाही झालं आणि तुम्ही धर्म सोडलात? संगमनेरपर्यंत गेलंय हे. आई नीट जेवत नाहीये.”

“दादा, मी...”

“हे बघ, मला कोण कुठे प्रार्थना करतं याच्याशी काही घेणं नाही. ती इथे येत होती, बरं वाटत होतं तिला, मी खूश होतो. पण तिला विचारलंस तू? इथे पोराचा फोटो काढायचा तर माझी सही घेता. माझ्या आईचा काढताना कुणाची घेतलीस?”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वेद बूट घालून आला, तिला “च्यूस!” म्हणून हात हलवून गेला. सुकन्या मुलांच्या छोट्या बाकावर बसून राहिली. एकच गोष्ट मनात पुन्हा पुन्हा येत होती. काकू स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. त्या माझ्या आईसाठी बसल्या होत्या, आणि ते मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं.

तिने फ्राऊ केसलरना सगळं सांगितलं आणि विचारलं, मी परत जाऊ का? पाळकबाई म्हणाल्या, “परत गेलीस तर तुला सुटल्यासारखं वाटेल. त्या बाईंना काय मिळेल?”

संध्याकाळी तिने पप्पांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “बरं, झालं ते झालं. आता पुन्हा उकरू नको. मी पाळकसाहेबांना काय तोंड दाखवू?”

“पप्पा, त्या बाईंना त्यांच्या माणसांत तोंड दाखवता येत नाहीये.”

“तू हे मुद्दाम नाही केलंस.”

“केलं, पप्पा. तुम्ही खूश व्हावं म्हणून केलं. आणि मीही काहीतरी आहे असं वाटावं म्हणून.”

पप्पांनी फोन ठेवला.

तिने स्वतःच मंडळीच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, आणि तोच हृषिकेशलाही. त्या बाई स्वतःच्या श्रद्धेने माझ्या आईसाठी देवाकडे मागत होत्या, मी ते वाकडं करून सांगितलं, फोटो त्यांना न विचारता पाठवला, ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी हेही पुढे पाठवा. ग्रुपवर दिवसभर कुणी काही बोललं नाही. मग एका काकांनी दुसऱ्याच कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या आणि सगळे त्याच्यामागे गेले.

शनिवारी ती हृषिकेशच्या घरी गेली. चढाच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्यांची होती, आणि काकूच झाडू घेऊन जिन्यात उतरल्या होत्या. तिला पाहून त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

“ये,” म्हणाल्या. पण वर घरात चल, असं म्हणाल्या नाहीत. पायरीवरच बसल्या.

सुकन्या दोन पायऱ्या खाली बसली. पाठ करून आणलेलं सगळं ती विसरून गेली. “काकू, माझं चुकलं. तुम्ही माझ्या आईसाठी बसला होता आणि मी...”

“आईचे टाके काढले का गं?”

“काढले.”

“जेवणखाण सुरू झालं?”

“झालं.” तिला रडू आवरेना. काकूंनी तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

“वन्सं काय बोलल्या त्याचं मला फार नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्या आधीही बोलायच्याच. तू ते दुसरं रेकॉर्ड करून पाठवलंस म्हणे. हृषिकेशने ऐकवलं मला. चांगलं केलंस. पण ते संगमनेरला पोचेल की नाही, कुणास ठाऊक. पहिलं मात्र लगेच पोचलं. मला कशाचं वाईट वाटतं सांगू? सकाळी देवापुढे बसते ना, इथे कपाटातच मांडलाय मुक्ताने, तर हात जोडायच्या आधी मागे वळून बघते. घरात कुणी नसतं. तरी बघते. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं मी.”

क्षमा करा, एवढंच सुकन्या म्हणाली.

“करते गं. राग धरून मी कुठे जाणार आहे? पण आता तुझ्याकडे नाही येणार. मला तिथे मोकळं बसवणार नाही.” काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “जा आता. मुक्ता यायच्या आत जिना व्हायला हवा. खालची बाई फार बारकाईनं बघते.”

जुलैच्या सुरुवातीला काकू परत गेल्या. मुक्ता वेदला सोडायला यायची, मान हलवून “मॉर्गन” म्हणायची आणि निघून जायची. सुकन्या सफरचंदं चिरत राहिली, बुधवारी खुर्च्या मांडत राहिली. सकाळच्या प्रार्थनेत ती रोज क्षमा मागायची. पश्चात्ताप केला की प्रभू क्षमा करतो हे ती लहानपणापासून मानत आली होती, आणि अजूनही मानत होती. पण संगमनेरला एक बाई देवापुढे बसताना मागे वळून बघत असेल, याचं काय करायचं ते तिला उमगत नव्हतं. ते परत द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. पप्पा आता फोनवर हवामानाविषयी बोलायचे.

ऑगस्टमध्ये एकदा आईने फोन घेतला. “त्या बाई माझ्यासाठी बसल्या होत्या ना? मला त्यांच्याशी बोलायचंय. नंबर दे.”

“त्यांना विचारल्याशिवाय नाही देता येणार, आई.”

“मग विचार.”

“मला तोंड नाही विचारायला.”

“मग मी बोलायचंच नाही का?”

सुकन्याने मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. काकू, आईला तुमच्याशी बोलायचं आहे, तुमचा नंबर तिला देऊ का? निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. काही दिवसांनी, ती किटात एका मुलाची बाही गुंडाळत असताना, फोन वाजला. काकूंनी लिहिलं होतं, ‘दे. दुपारी फोन करा म्हणावं. त्यांनी एकट्यांनीच करावा.’

तिने नंबर आईला पाठवला. पुढल्या रविवारी आई नेहमीसारखी बोलली, दुखणं कमी आहे म्हणाली, बोलणं झालं म्हणाली. काय बोलल्या ते तिने सांगितलं नाही. सुकन्याच्या ओठांवर प्रश्न आला होता. तिने तो विचारला नाही.