सावरखेडीची बारा वाकडी लेकरं

सन एकोणीसशे बासष्ट. युरोपात एका झोपेच्या गोळीपायी हातापायांत व्यंग असलेली मुलं जन्माला आली आणि सगळं जग खडबडून जागं झालं. जागं झाल्यावर लक्षात आलं, की गोळीच्या आधी अशी मुलं किती जन्मत होती, हे कुणी नीट मोजलेलंच नव्हतं. मग मोजायला सुरुवात झाली. एका देशात हजारामागे चार निघाली, तर नदीपलीकडच्या देशात चाळीस. आता खोट नदीत आहे की मोजणाऱ्यात, हे काही ठरेना. तेव्हा परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या संस्थेनं सगळ्या देशांना एकसारखे छापील नमुने धाडले. दिल्लीनं ते मुंबईला दिले, मुंबईनं नागपूरला, नागपूरनं यवतमाळला. यवतमाळच्या कचेरीत माझ्याखाली कुणी नसल्यामुळे ते माझ्यापाशी येऊन थांबले.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आकडेवारीचा कारकून. शिक्षण अमरावतीच्या वसतिगृहात, लग्न नाही, बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा कधी पाहिलेला नाही. म्हणजे या कामाला मी अगदी निःपक्षपाती माणूस.

नमुन्यासोबत सूचना होती. आई मुलाचं व्यंग लपवते, म्हणून आईला विचारू नये. दोन शेजाऱ्यांना विचारावं आणि ते सांगतील ते जसंच्या तसं लिहावं. खाली आणखी एक ओळ होती. यादीतल्या मुलांना सोमवारी यवतमाळच्या इस्पितळात आणावं. नागपूरचे हाडांचे डॉक्टर तपासून तिथेच इलाज सुरू करतील.

बाभुळगावच्या पुढे सावरखेडी म्हणून गाव आहे. तिथे वर्षभरात एक्केचाळीस मुलं जन्मली होती. मी पहिलं घर धरलं ते बबनरावांचं. ओसरीवर त्यांचा सहा महिन्यांचा नातू लोळत होता. ढेप खाल्लेल्या गोऱ्ह्यासारखा गुटगुटीत. शेजारच्या इंदूबाईंना मी विचारलं, "मूल कसं आहे?"

इंदूबाईंनी तोंड वाकडं केलं. "कायचं मूल न् कायचं काय! काळंभुरं, वाकडंतिकडं. मान पाहा कशी हाय!"

"मानेला काय झालं?"

"हाय कुठी मान?"

दुसऱ्या शेजारणीनं दुजोरा दिला. "डोळेही तिरपे हायेत बाप्पा. कोणाच्या कामाचं नाई हे पोट्टं."

मला ते पोर ठणठणीत दिसत होतं. पण मी डॉक्टर नव्हतो आणि सूचना स्पष्ट होती. लिहिलं: मान नाही, डोळे तिरपे. बबनराव शेजारीच उभे होते. त्यांना राग यायला हवा होता. ते खुशीत मिशीवरून हात फिरवत होते. मला वाटलं, केवढा थोर मनाचा माणूस!

संध्याकाळपर्यंत अकरा नावं झाली. कुणाचे पाय काड्या, कुणाचं तोंड माकडाचं, एकाचं तर "सारंच इपरीत". शेवटी पोलीस पाटील विठ्ठलरावांच्या घरी गेलो. त्यांची सून नलू तीन महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी कमरेखाली दुपट्ट्यात घट्ट गुंडाळलेली. इथे शेजारणी एकदम वेगळं बोलल्या.

"सोनं हाय सोनं! नखात खोट नाई."

"अन् पाय?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"लक्ष्मीचे पाय हायेत!"

नलूनं मान खाली घातली. मी लिहिलं: निर्दोष.

गावाबाहेर निंबाखाली मी बसची वाट पाहत होतो, तेवढ्यात सत्यभामाबाई आल्या. या गावच्या सुईण. सरकारी शिक्षण घेतलेल्या, हातात दवाखान्याची पत्र्याची पेटी. गावातलं प्रत्येक मूल त्यांच्याच हातात आलेलं. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती. तेव्हापासून दृष्ट, नजर, मीठमोहऱ्या सगळं सोडलं होतं. पण त्या शेजारी नव्हत्या, म्हणून मी त्यांना विचारलं नव्हतं.

"यादी वाचा बरं, बाबू," त्या म्हणाल्या.

मी वाचली. दुसऱ्या नावापासून त्यांनी पदर तोंडाला लावला. अकराव्या नावापर्यंत डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं?"

"काई नाई. गावातले सगळ्यात धडधाकट अकरा लेकरं तुमी बराब्बर निवडले. मलेही इतके बराब्बर जमले नसते."

"पण शेजारी म्हणाले..."

"मंग? चांगल्या लेकराले कोणी चांगलं म्हंते काय? नजर नाई लागत? म्हणून त्याले वाकडं म्हंतात. अन् जे खरंच वाकडं हाय, त्याच्या मायचं मन राखाले सोनं म्हंतात. तुमची माय तुमाले लहानपणी काय म्हने?"

मी आठवलं. आई मला 'हेंबाडं' म्हणायची. बावीस वर्षं मी ते मनाला लावून घेतलं होतं.

सत्यभामाबाईंचं हसू थांबलं. "नलूच्या पोरीचे दोन्ही पाय आत वळले हायेत. तळवे एकमेकांकडं पाह्यतात. आत्ता पलस्तर लावलं त सरळ होते. हाड एकदा पक्कं झालं, मंग जलमभर लंगडन. तीन महिने मी त्या घरी सांगून राह्यली. पाटील आयकत नाई. म्हंते, पाय वाकडे हायेत हे गावाले समजलं त पोरीशी लगन करन कोण? अन् आता तुमी कागदावर लिहून देल्लं, निर्दोष."

मी हातातली यादी फाडायला घेतली. त्यांनी माझं मनगट धरलं. मुलं ओढून काढणारा हात तो. मला सोडवता आलं नाही.

"फाडता काहून? अशी यादी फिरून होनार नाई. चाला चावडीवर."

यादीवर पोलीस पाटलाची सही लागायची आणि त्याआधी ती चावडीवर वाचून दाखवायची, असा नियम होता; ते मी उद्यावर ढकललं होतं. मी वाचू लागलो. लोकांच्या हातात काठ्या येतील या तयारीनं मी दाराजवळ उभा होतो. झालं उलटंच. एकेक व्यंग ऐकून ज्याचं त्याचं घर सुखावत होतं. आजवर शेजारीपाजारी नावं ठेवायचे. आता सरकारनं शिक्क्यानिशी ठेवली होती. अशा पोराला नजर लावायची कुणाची छाती होणार?

"माह्या नातवाचं काय लिह्यलं, पुन्हा वाचा," बबनराव म्हणाले. मी पुन्हा वाचलं. "मान नाई! आयकलं का, पाटील?"

विठ्ठलरावांनी टाक उचलला. सत्यभामाबाई भिंतीकडेला उभ्या होत्या, तिथूनच बोलल्या.

"पाटील, तुमच्या नातीचं नाव आलं नाई यादीत."

विठ्ठलराव टाक तसाच धरून म्हणाले, "कायले येईन? तिले काई झालं नाई."

"तेच म्हणून राह्यली मी. यादीत कोणालेच काई झालं नाई, हे साऱ्या गावाले मालूम हाय. बबनरावचा नातू हाय. चांगलंचुंगलं एकही लेकरू सुटलं नाई. एक पाटलाच्याच घरचं तेवढं राह्यलं. उद्या कोणी इचारलं, काहून राह्यलं, त काय सांगान?"

विठ्ठलरावांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनराव मिशीवरून हात फिरवतच होते. मग पाटलांनी सुईणीकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या. त्या माणसाला सगळं कळलं होतं. बारा जणांत एक लपतो, हेही आणि सुईण त्याला वाट करून देते आहे, हेही. पाटलांनी टाक खाली ठेवला.

"लिहा तिचं."

"काय लिहू?"

"लिहा..." पाटील म्हणाले. "लिहा, पाय वाकडे हायेत."

"अरे वा!" बबनराव म्हणाले. "पाटलानं बी चांगलं शोधलं!" आणि चावडी हसली.

सोमवारी दोन छकड्यांतून बारा मुलं बाभुळगावला आणि तिथून बसनं यवतमाळला आली. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिलं मूल तपासलं, मग दुसरं. पाचव्या मुलाला ते घाम पुसून म्हणाले, "या गावात पिकतं काय हो? अशी तब्येतीची मुलं मी नागपुरात पाहिली नाहीत." बबनरावांनी लगेच नातवाच्या गालावर काजळाचं बोट ओढलं. बाराव्या मुलीचा दुपट्टा सत्यभामाबाईंनी स्वतः सोडला. डॉक्टरांनी ती इवलीशी पावलं तळहातावर घेतली, हळूच फिरवून पाहिली आणि म्हणाले, "वेळेवर आणलीत."

दर पंधरवड्याला नलू आणि सत्यभामाबाई यवतमाळला येत राहिल्या. प्लास्टर बदलत राहिलं. गावाला काय सांगत? एवढंच, की सरकारी यादीत नाव आहे, तेव्हा जावं लागतं.

राहिला आकडा. डॉक्टरांच्या तपासणीप्रमाणे मी बारा खोडून एक केला. साहेबांनी कागद चष्म्यावरून पाहिला. "गावाची सही बारावर आहे. तू खोडणारा कोण?"

"साहेब, डॉक्टर एक म्हणतात."

"मागच्या वर्षी किती?"

"शून्य. मागच्या वर्षी विचारलंच नव्हतं."

"मग बारा अधिक शून्य, भागिले दोन. सहा लिही. सहा कुणाला खटकत नाही."

ते सहा नागपूरला गेलं, मुंबईला गेलं आणि समुद्र ओलांडून त्या मोठ्या तक्त्यात जाऊन बसलं असणार. नदीअलीकडचे चार आणि पलीकडचे चाळीस कुठून आले असतील, याबद्दल त्यानंतर मला कधीच शंका राहिली नाही. तिकडेही शेजारी असतील आणि साहेब तर असतीलच.

सदुसष्ट साली देवीच्या लशीच्या कामानं पुन्हा सावरखेडीला गेलो. विठ्ठलराव ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. अंगणात पाच वर्षांची एक मुलगी वासराच्या मागं धावत होती. धूळ उडत होती. धुळीत उमटलेली पावलं मी वाकून पाहिली. सरळ होती, एकामागं एक.

"नात का, पाटील?"

विठ्ठलरावांनी मान न उचलता तोंड वाकडं केलं. "व्हय. कायची नात न् कायचं काय! सारीच वाकडी. पाय त पाहा कसे हायेत!"

ओसरीच्या टोकाला सत्यभामाबाई पेटी पुढ्यात ठेवून चहा पीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

वही माझ्या काखेत होती. ती मी उघडलीच नाही.