लाल काटा

शर्यतीला अजून अवकाश होता. गाडीचं बॉनेट उघडं होतं, तापलेल्या ऑइलचा वास तंबूभर दाटला होता, आणि ताई, तिचा धाकटा भाऊ आणि बाबा असे तिघंही डॅशबोर्डावरच्या एका बारीकशा लाल काट्याकडे पाहत होते.

"काटा सरळ होता म्हणालास ना?" शेवटी ताईनं विचारलं.

धाकटा हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

आठवडाभर ताई बसच्या डेपोत इंजिनं खोलायची आणि सुट्टीचा दिवस या इवल्याशा रेसगाडीला द्यायची. गाडी पळवायची धाकट्यानं, जपायची ताईनं. हे कोणी ठरवलं नव्हतं, वर्षांमागून वर्षं तसंच होत गेलं होतं. डॅशबोर्डावर दोन मोठी गेज होती, एक ऑइलच्या तापमानाचं, दुसरं दाबाचं. दोन्ही तिनं मुद्दाम फिरवून बसवली होती. आकडे वेडेवाकडे दिसत. पण इंजिन सुखात असलं की दोन्ही काटे ताठ उभे राहत. भर वेगात आकडे वाचायला सवड कोणाला? काटा कलला की पाय उचलायचा, एवढंच. ही बाबांची पद्धत.

लाल काटा मात्र तिनं कालच, कोणाला न सांगता लावला होता. तापमानाचा पांढरा काटा चढताना त्याला पुढे ढकली, आणि स्वतः परतला तरी लाल तिथेच थांबून राही, कोणी मधलं बटण दाबेपर्यंत. सकाळच्या सरावानंतर तो उजवीकडे पार आडवा झाला होता.

"अगं, मी रस्ता बघू का तुझी घड्याळं?" धाकटा उसळला.

"दोन्ही. देवानं डोळे दोन दिलेत."

"बाहेर उभं राहून बोलायला काय जातंय! मग तूच बस ना आत."

"बसेल की," बाबा म्हणाले.

घडीच्या खुर्चीत बसलेल्या बाबांकडे दोघांनी वळून पाहिलं. बाबांचे हात मांडीवर होते आणि नेहमीसारखे थरथरत होते. हे इंजिन त्या हातांनी जोडलेलं शेवटचं. ते गेलं तर त्या हातांकडून दुसरं होणार नव्हतं. हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांपैकी एकानंही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"बाबा, चेष्टा नका करू," ताई म्हणाली.

"दर शर्यतीला दुसरा चालक म्हणून तुझं नाव देतो, ते काय शोभेला? ऊठ. फक्त इंजिन धड घेऊन परत ये."

धाकट्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं हेल्मेट तिच्या डोक्यात चढवलं, पट्टा आवळला. "सैल होतंय. डोकं एवढंसं, त्यात अक्कल मावते कशी काय जाणे!"

दिवा हिरवा झाला आणि जग एकदम अरुंद झालं. कडेचं कुंपण, माणसं, आरोळ्या, सारं पातळ होऊन मागे वाहून गेलं. उरला तो एक काळा, थरारणारा रस्ता आणि त्याच्यावर ताठ उभे दोन पांढरे काटे. ज्या इंजिनाला ती इतकी वर्षं बाहेरून ऐकत आली होती, ते आज तिच्या बरगड्यांत गात होतं. ती हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसली. कोणाला ऐकू येणार होतं?

एक गाडी मागे पडली. मग दुसरी. लांबलचक डाव्या वळणावर तापमानाचा काटा उजवीकडे झुकला. पातळ झालेल्या ऑइलचा दाब उतरला आणि दुसरा काटा डावीकडे झुकला. भांडून दोन दिशांना तोंड फिरवून बसलेली भावंडंच जणू. ताईनं पाय उचलला. मागे टाकलेल्या दोन्ही गाड्या सुळकन पुढे गेल्या. काटे हळूहळू शहाण्यासारखे उभे राहिले, आणि तिनं पुन्हा पाठलाग धरला.

अखेरच्या फेरीत पुढे उरली फक्त निळी गाडी. तिच्या मागच्या दिव्याला पडलेला तडासुद्धा दिसावा इतकी जवळ. तेच डावं वळण आलं. काटे पुन्हा कलले, तापमानाचा उजवीकडे, दाबाचा डावीकडे, मघापेक्षाही दूर. धाकट्यानं पाहिलं नव्हतं, ताईनं पाहिलं. अगदी नीट पाहिलं. आणि पाय होता तिथेच ठेवला.

वळण तिच्यासमोर गाण्याच्या एखाद्या ओळीसारखं उलगडत गेलं. निळी गाडी आधी बाजूला आली, मग डोळ्यांच्या कोपऱ्यात, मग कुठेच नाही. वर झेंडा फडफडला. ती ओरडत होती, काय ते तिलाही कळत नव्हतं.

वेग उतरला तेव्हा तिला ते ऐकू आलं. इंजिनाच्या पोटात खोलवर, बंद दारावर कोणी बोटानं वाजवावं तशी टकटक. बेअरिंग गेलं होतं, म्हणजे इंजिनच. डेपोत तिनं हा आवाज कितीदा तरी ऐकून, क्षणाचाही विचार न करता निदान सांगितलं होतं. तिनं इंजिन बंद केलं. उरलेल्या वेगावर गाडी निःशब्द तंबूपर्यंत घरंगळत आली.

धाकटा धावत आला. "ताई! अगं, काय पळवलीस! त्या निळ्यावाल्याचं तोंड बघायला हवं होतंस!" लोक टाळ्या वाजवत होते. बाबा खुर्चीतून उठून आले, त्यांनी बॉनेट उचललं, आणि तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा आपला थरथरता तळवा इंजिनापाशी धरला.

लाल काटा सकाळपेक्षाही पलीकडे जाऊन पडला होता. ताईचा अंगठा बटणापर्यंत गेला. एक दाब, की तो पुन्हा जागेवर. तिनं अंगठा मागे घेतला आणि पट्टे सोडून बाहेर आली.

धाकट्यानं कमरेवर हात ठेवले आणि हुबेहूब तिच्या सुरात, डोळे मिचकावत विचारलं, "हं, सांगा बाईसाहेब. काटा कुठे होता?"

बाबांनीही मान वर केली.

ताईनं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं, त्याच्या गालावरची काजळी अंगठ्यानं पुसली, आणि टाळ्या वाजवणाऱ्या माणसांमधून वाट काढत ती चालू लागली.