आकाशात दिलेला होकार

"माणसं किती?" विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीतल्या हनीनने विचारलं.

"आठ," मुन्झिर म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "किंवा अकरा. फार तर तेरा."

"विमानात आसनं आठच आहेत, अबू सुहैब." मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची ही तिथली रीत.

"ते कळलं. पण मी बोलावलंय बऱ्याच जणांना."

"मग त्यांना नाही म्हणून कळवा."

"अगं मुली, मी बोलावलं ते त्यांनी नाही म्हणावं म्हणून!"

हनीन अम्मानचीच होती. तिला याहून जास्त सांगावं लागलं नाही. तिने कागदावर आठ लिहिलं आणि किंमत सांगितली. मुन्झिरचं न्हाणीघराच्या फरशांचं दुकान होतं. एवढ्या पैशांत अर्ध्या अम्मानची न्हाणीघरं नवी झाली असती, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो दाबला. कारण प्रश्न सुहैबच्या लग्नाचा होता.

सुहैब कुवेतला इंजिनियर होता आणि तिथल्याच लुजैनशी त्याचं जमलं होतं. लुजैनचा बाप वासिफ मूळचा अम्मानजवळच्या झरका गावचा, मुन्झिरच्या ओळखीचा, पण आता कुवेतमध्ये बांधकामाची मोठी कंत्राटं घेणारा. दोन्ही घरांचा होकार फोनवर कधीच झालेला होता. राहिली होती ती जाहा. मुलाकडची मानाची माणसं मुलीच्या दारी जाणार, त्यांच्यापुढे कॉफी येणार, प्रमुख पेला न पिता खाली ठेवून मागणी घालणार, मुलीकडून कोणीतरी वजनदार माणूस "दिली मुलगी, कॉफी घ्या" म्हणणार, आणि मग सगळे हात वर करून फातिहाची प्रार्थना पढणार. ठरलेलं असलं तरी हे झाल्याशिवाय काही झालेलं नसतं.

आणि वासिफ हा मानापानाला भलताच हळवा माणूस. थोरल्या मुलीचं पहिलं जमलेलं लग्न त्याने मोडलं होतं, का, तर जाहातली मंडळी वाटेत कबाब खाऊन आली आणि त्याच्या घरच्या मन्सफला, त्या मानाच्या मटण-भाताला, नुसती बोटं लावून उठली. यावेळी त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "जाहा जौदत पाशांनी आणली तरच मला चारचौघांत बसता येईल."

जौदत पाशा निवृत्त लष्करी अधिकारी, काही महिन्यांपुरते मंत्रीही झालेले. आता मुली मागणं हाच त्यांचा उद्योग झाला होता. शुक्रवारी दुपारी त्यांची अम्मानमध्ये एक जाहा होती आणि कुवेतची त्याच संध्याकाळी. मधल्या वेळात कुवेतला जाणारं नेहमीचं विमान नव्हतं. म्हणून हे भाड्याचं.

आठांतलं आठवं आसन फख्रींनी पटकावलं, आणि सगळा घोळ तिथेच झाला. फख्री, म्हणजे अबू अय्यूब, हे वासिफचे थोरले भाऊ, अम्मानमधल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. वासिफने त्यांना तिकीट पाठवलं होतं आणि त्यांनी ते नेहमीप्रमाणे परत केलं होतं. मशिदीच्या दारात भेट झाली तेव्हा मुन्झिर आपला रीत म्हणून म्हणाला, "अबू अय्यूब, चला आमच्याबरोबर, जागा आहे." अशा वेळी समोरच्याने छातीवर हात ठेवून तीनदा नको म्हणायचं असतं. फख्री म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

"पण तुम्ही मुलीकडचे..."

"विमान कुवेतलाच जातंय ना? मनात हो असताना तोंडाने नाही म्हणणं मला जमत नाही. मी मुलांना तेच शिकवलं."

शुक्रवारी ऊन कललं आणि विमान उडालं. पाशा पहिल्या जाहाहून थेट विमानतळावर आले होते, मिशा चमकत होत्या. फख्री त्यांच्यासमोर बसले. मागे मुन्झिर आणि त्याचे नातलग, त्यातले दोघे बसल्याबसल्या घोरू लागले होते.

"तुमच्याकडून उत्तर कोण देणार आहे, ठाऊक आहे ना?" पाशांनी गप्पा म्हणून विचारलं.

"उत्तर मीच देणार. थोरला मी आहे," फख्री म्हणाले.

"नाही हो. वासिफने त्या निवृत्त राजदूतांना सांगितलंय. कालच त्यांचा फोन आला होता मला. फार लांबण लावतात बुवा."

चष्मा काढून फख्रींनी सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि पुन्हा काढून पुसला. वासिफने भावाला नुसतं "येऊन बस" एवढंच सांगितलं होतं, हे मागून पाहणाऱ्या मुन्झिरला तेव्हा कळलं.

तेवढ्यात हवाई सुंदरी वेलदोड्याची कॉफी घेऊन आली. तिने डाव्या हातातल्या दल्ल्यातून, लांब चोचीच्या कॉफीच्या किटलीतून, छोटा पेला भरला आणि उजव्या हाताने पाशांना दिला. पाशांनी तो घेतला आणि सवयीने समोरच्या टेबलावर ठेवून दिला.

"काही चुकलं का?" तिने घाबरून विचारलं.

"नाही, मुली. हे भाषण केल्याशिवाय कॉफी पीत नाहीत," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. घोरणारेही जागे झाले.

"मग होऊन जाऊ द्या, पाशा! घसाही मोकळा होईल!"

पाशांना आग्रह लागतोच असं नाही. त्यांनी कोटाची बटणं लावली, खाकरले, आणि सुरू झाले. अल्लाहची स्तुती झाली, पैगंबरांवर दरूद झाला, मग दोन्ही घराण्यांच्या सात पिढ्यांचा मोठेपणा झाला. वासिफच्या वडिलांचं नाव आलं. झरकातलं त्यांचं छोटं घर आलं, ज्याचं दार कधी कोणाला बंद नव्हतं. समोर फख्रींची हनुवटी हलायला लागली होती. "त्या दाराशी," पाशा म्हणाले, "आम्ही आज आमच्या सुहैबसाठी तुमच्या लुजैनला मागणी घालायला आलो आहोत. आमची कॉफी अजून पेल्यातच आहे."

फख्री ताडकन उठले. विमानाचं छत बुटकं, त्यांचं डोकं आपटलं. एका हाताने टाळू चोळत ते भरल्या आवाजात म्हणाले, "पाशा, तुम्ही दार ओळखलंत. मुलगी तुमची. आता कॉफी घ्या."

आणि पाशांनी घेतली. इतक्या वर्षांत त्या तीन शब्दांनंतर त्यांनी दुसरं काही केलेलंच नव्हतं. ते प्याले तसे बाकीचेही प्याले, आणि सगळ्यांचे तळवे आपोआप वर झाले. ढगांच्या वर, वाळवंटावर, आठ माणसांनी फातिहा पढली. शेवटचं आमीन झालं आणि मग मुन्झिरच्या लक्षात आलं की काय होऊन बसलंय.

"अबू अय्यूब," तो हळूच म्हणाला, "ही तालीम होती."

"तालीम नाटकाची असते. मुलगी मागण्याची तालीम मी तरी ऐकलेली नाही."

"पण वासिफ वाट पाहतोय. हॉल घेतलाय. अख्खं कुवेत बोलावलंय."

"घरातला थोरला मी. शब्द द्यायचा तो मीच. त्याने राजदूत भाड्याने आणला असेल तर राजदूताला घरी पाठवावं."

"बरं, तिथे पुन्हा एकदा मागू. तुम्ही फक्त गप्प बसा."

"पुन्हा मागितलंत तर मी उठून सांगणार, मुलगी देऊन झाली. मला खोटं बोलता येत नाही."

मुन्झिरने पाशांकडे पाहिलं. पाशा रिकाम्या पेल्यात पाहत होते. "मलाही अडचण आहे," ते म्हणाले. "एकाच मुलीला मी दोनदा मागणी घातली असं अम्मानमध्ये कळलं, तर पहिल्यांदा नकार मिळाला होता असंच लोक म्हणतील. जौदतला नकार! अहो, उद्यापासून मला कोण बोलावेल?"

मुन्झिर डोळे मिटून बसला. मागणी घातली तर फख्री बोलणार. न घातली तर वासिफ एवढ्या पाहुण्यांसमोर हात चोळत बसणार. आणि वासिफने कबाबावरून लग्न मोडलेलं होतं. हा तर अख्खा होकारच कोणीतरी वाटेत खाऊन टाकला होता.

कुवेतला सुहैब गाड्या घेऊन उभा होता. बापाने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुलाचा चेहरा उजळला. "म्हणजे बाबा, झालंच की!"

"तू तोंड उघडू नकोस," मुन्झिर म्हणाला. "आज ज्याने ज्याने तोंड उघडलं त्याने माझं वाटोळं केलंय."

वासिफ हॉलच्या दाराशी कुटुंबातल्या पुरुषांची रांग करून उभा होता. गळाभेटी झाल्या. फख्री भावाच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन, हात न सोडता, सरळ म्हणाले, "वासिफ, मुलगी मी दिली. विमानात. फातिहा झाली."

वासिफच्या चेहऱ्यावरचं हसू पाहुण्यांसाठी जागच्या जागी राहिलं. त्या हसूसकट त्याने भावाला, मुन्झिरला आणि पाशांना शेजारच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि मग ते उतरवलं.

"कोणाला विचारून?"

"राजदूत आणताना तू कोणाला विचारलंस?"

"ते चांगलं बोलतात."

"मी जन्मभर शाळेत बोललो."

"म्हणूनच! दादा, तू बोलायला लागलास की लोक रांगेत उभे राहतात, पाठीवर हात बांधून!"

"तू राहिला होतास म्हणून आज हॉल घेऊ शकतोस."

वासिफ मुन्झिरकडे वळला. आवाज एकदम शांत झाला, आणि मुन्झिरला त्याचीच जास्त भीती वाटली. "अबू सुहैब, माझ्या मुलीची मागणी माझ्या दारात न होता तुझ्या विमानात झाली. ठीक आहे. मग लग्नही विमानातच लाव. आज लोक जेवतील आणि घरी जातील. पाशा, तुम्हाला उगाच त्रास झाला."

त्याने दाराच्या कडीला हात घातला. आता बोललं नाही तर पुन्हा कधी बोलायला मिळणार नाही, हे मुन्झिरला कळलं. तो बोलला, पण वासिफशी नाही.

"अबू अय्यूब, तुम्ही मुलगी दिलीत, आम्ही घेतली. मग आपण सोयरे झालो ना?"

"झालो."

"सोयऱ्याची अडचण ती आपली अडचण?"

"अर्थात."

"मग आमची अडचण ऐका. आमची जाहा या दारात येऊन उभी आहे आणि तिला प्रमुख नाही."

"प्रमुख नाही म्हणजे?" पाशा म्हणाले. "मी काय आहे मग?"

"पाशा, तुम्ही तुमचं काम विमानात फत्ते केलंत. एकदा मागितलीत, एकदाच मिळाली. हेच सगळीकडे सांगा." पाशांनी तोंड उघडलं, विचार केला, आणि मिटलं. मुन्झिर पुन्हा फख्रींकडे वळला. "तुमचा होकार तुमच्यापाशी. त्याला कोणी हात लावत नाही. पण बापाचा होकार अजून यायचाय. तो तुम्ही मागा. आमच्याकडून."

"मी?" फख्री म्हणाले. "मी वासिफकडे मागू?"

वासिफची शाळा, कॉलेज, कुवेतचं पहिलं तिकीट, सगळं या भावाने दिलेलं होतं. हाती पैसा आल्यापासून वासिफ परतफेड करायला धडपडत होता आणि फख्रींनी फ्रीज परत केला होता, हजचे पैसे परत केले होते, परवाचं तिकीटही. आयुष्यात त्यांनी धाकट्याकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता. स्वतः उठून घेत.

वासिफचा हात कडीवरून खाली आला.

"मागू दे त्याला," तो म्हणाला. "मागत असेल तर मी बसतो."

"माझं भाषण लांबतं म्हणतोस ना?" फख्री गुरगुरले.

"छोटं कर."

हॉलमध्ये राजदूत कागद सारखे करत बसले होते. मुलाकडच्या रांगेत मधोमध मुलीचाच काका येऊन बसलेला पाहून लोकांत कुजबुज झाली. शेजारी पाशा, कोणाचं तरी लग्न नुसतं बघायला आल्यासारखे. कॉफी आली. फख्रींनी पेला घेतला, खाली ठेवला, उठले.

"वासिफ," ते म्हणाले, आणि सगळा हॉल भाषण ऐकायला सावरून बसला. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. आज मागतो. लुजैन आमच्या सुहैबला दे."

एवढंच बोलून ते खाली बसले. एवढी आखूड मागणी तिथे कोणी ऐकली नव्हती. राजदूत घाईघाईने उठू लागले, तर वासिफने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवलं. आणि तो नुसताच भावाकडे पाहत राहिला.

वेळ जात होता. सुहैबने बापाची बाही पकडली. मोडतोय हा, मुन्झिरला वाटलं, सगळ्यांच्या समोर मोडतोय.

"मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल," वासिफ म्हणाला. "परत एकदा सांग."

फख्रींचे कान लाल झाले. "मागतोय म्हटलं ना! दे!"

"कोण मागतंय?"

"मी मागतोय! फख्री! तुझा थोरला भाऊ!"

तेव्हा कुठे मुन्झिरला दिसलं की वासिफ हसतोय, आणि हे हसू पाहुण्यांसाठीचं नाही. पोरगा परीक्षेत पहिला आल्यावर हसतो तसं.

"दिली, दादा," वासिफ म्हणाला. "कॉफी घे."

पलीकडच्या दालनातून बायकांच्या झघारीदचा, जीभ हलवत केलेल्या आनंदाच्या किलकाऱ्यांचा, आवाज उठला. सगळ्यांचे तळवे वर गेले. पाशांचेही, आज तिसऱ्यांदा. फातिहा झाली, सुहैब मुन्झिरच्या गळ्यात पडला, आणि त्याच्या खांद्यावरून मुन्झिरने पाहिलं, फख्री एक घोट घेऊन तोंड वाकडं करत होते.

"थंडगार झालीय," ते म्हणाले.

"मग दुसरी माग," वासिफ म्हणाला.

दल्ला फख्रींच्या हाताच्या अंतरावर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि पेला पुढे केला.

"दे," ते म्हणाले.